घुग्घुसचा रशियावाला

देशासाठी जीव कसा टाकाव, हे मले घुग्घुसच्या चहाटपरीवर समजलं. फक्त देश रशिया होता.

केबल नवीनच आली होती. बर्फ आम्ही पाहिला तो रसवंतीतला, अन् टीव्हीवर लागली बर्फावरची हॉकी, रशिया अन् कॅनडाच्या वीस वर्षांखालच्या पोरायची. कोळसा खाणीतले मधुकरभाऊ लगेच रशियाचे झाले, काऊन की त्यायची मशीन रशियाची होती. सिमेंट फॅक्टरीतला रफिक कॅनडाचा झाला, काऊन की मधुकरभाऊ रशियाचे होते. शर्त लागली, हारणाऱ्यानं टपरीवर उभं राहून दुसऱ्याच्या देशाचा जयजयकार कराव.

रशिया तीन-शून्यनं समोर गेली अन् मधुकरभाऊच्या शिफ्टची वेळ झाली. "आपल्या पोरायनं नाक राखलं," म्हणत ते छाती फुगवून खाणीत गेले. मंग कॅनडानं चार गोल ठोकले.

शिफ्ट सुटली तेव्हा रफिक मोटरसायकल घेऊन गेटवर हजर. "भाऊ, हारली ना तुमची रशिया. चला टपरीवर."

मधुकरभाऊनं शांतपणे डबा हँडलले अडकवला. "मी चार्ज देऊन गेलो तेव्हा रशिया तीन-शून्यनं समोर होती. माह्यानंतर तिथी कोण बसला होता? तूच ना?"