चावे सगळे शेपटीला

(तलावाचा दगडी काठ, सकाळचे साडेआठ. साहेब म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. बाई म्हणजे त्यांची बायको, लेडीज टेलर. ती काठावर आज पहिल्यांदाच आली आहे. साहेब माशांसाठी आमिष म्हणून गळाला रबरी गांडूळ लावताहेत.)

बाई: अहो, डोक्यातून नका ना ओवू त्याला. परत परत तेच!

साहेब: रबरी गांडुळाला डोकं कुठलं आणि शेपूट कुठली, हे तुला कोणी शिकवलं?

बाई: जाड बाजू डोकं, बारीक बाजू शेपूट. तीस वर्षं कपडे बेततेय, उलट-सुलट कळतं मला.

साहेब: हे बघ, याला शास्त्र आहे. प्रथम दोरीत ही शिशाची गोळी ओवायची. मग गळ गांडुळाच्या डोक्यातून काढायचा आणि त्याचं टोक पुन्हा अंगातच लपवायचं. त्यामुळे काय होतं, तर गळ शेवाळात अडकत नाही.

बाई: आणि मासाही अडकत नाही.

साहेब: हे अवांतर झालं.

बाई: या मोसमात किती मिळाले?

साहेब: मोसम अजून संपलेला नाही.

बाई: किती मिळाले?

साहेब: निरंक.

बाई: वा! शून्यापेक्षा भारदस्त वाटतं.

साहेब: म्हणूनच निर्णय घेतलाय. दहा वाजता माझे मासेमारीतले दोस्त, ते चष्मेवाले येतील. दोन्ही रॉड आणि हा डबा त्यांना देऊन टाकतो. पुढच्या रविवारपासून मी घरी. तुझ्या दुकानाला जरा शिस्त लावू. गेल्या रविवारी नुसती सुरुवात झाली.

बाई: ती सुरुवातच मला पुरली. रिळं अक्षरवार लावलीत तुम्ही! नारिंगीच्या शेजारी निळा. माझा हात सवयीनं जातो हो, बघत नाही मी. डॉक्टरीणबाईंच्या निळ्या पँटला नारिंगी टीप मारून बसले.

साहेब: वर्गीकरणाचा दोष नाही तो.

बाई: आणि माझ्या मैत्रिणी? रविवारी दुकान बंद असतं म्हणून तर चौघी जमतो. पत्ते कुटतो, जगाची टिंगल करतो. तुम्ही पेपर घेऊन शेजारी बसलात, तर सगळ्या तोंडं शिवल्यासारख्या गप्प. चष्मेवाल्यांच्या बायकोनं तर तुम्हाला उभं राहून उत्तर दिलं.

साहेब: विनयशील बाई आहेत.

बाई: घाबरली होती ती! चहाला साखर किती, एवढंच विचारलं होतंत.

साहेब: असं आहे तर. म्हणजे आज तू माझ्याबरोबर आलीस, ती काही प्रेमानं नव्हे.

बाई: प्रेमानंच आले. तुम्हाला मासा मिळावा म्हणून आले. मिळाला तर तुम्ही हे सोडणार नाही आणि माझा रविवार मला राहील. स्पष्टच सांगते.

साहेब: थोडक्यात, मी घरात नको आहे.

बाई: सोमवार ते शनिवार हवे आहात हो. सहा दिवस काय कमी झाले?

साहेब: ठीक आहे. मग मला माझ्या पद्धतीनं शेवटचे चार गळ टाकू दे. आणि निदान गांडुळांना दोष देऊ नकोस. माल उत्कृष्ट आहे. बाकीच्यांची दर रविवारी फाटतात, माझं एकच पाकीट दोन वर्षं चाललंय. कंपनीला मी तसं अभिनंदनपर पत्रही पाठवलं होतं.

बाई: काय पाठवलंत?

साहेब: पत्र. दोन पानी. त्यांनी उत्तरादाखल ही टोपी पाठवली.

बाई: ही टोपी त्याची होय? मला वाटलं विकत घेतलीत.

साहेब: सन्मानानं आलेली आहे.

बाई: मग काढा ती. माझी आहे.

साहेब: तुझी कशी?

बाई: तुमचीही फाटतात हो. तुम्ही इथून येऊन आंघोळीला गेलात की मी डबा उघडते. सुई मेणबत्तीवर तापवायची, फाटलंय तिथून हलकेच फिरवायची, की रबर वितळून एकजीव होतं. बोटानं सारखं केलं की मागमूस राहत नाही.

साहेब: दोन वर्षं?

बाई: फाटकी वस्तू घरात बघवत नाही मला.

साहेब: अगं, मी त्यांना लिहिलं होतं की आपल्या मालाचा टिकाऊपणा सरकारी इमारतींनाही लाजवील!

बाई: अरे देवा... थांबा, हसून घेऊ द्या मला. घाला, घाला टोपी. ऊन लागेल. पण आता माझं ऐका. एवढी गांडुळं सांधली, त्यात एकाचंही डोकं माशानं धरलेलं नाही. डोक्याशी फाटतं ते तुमच्या गळानं, तुम्ही हिसका देता तेव्हा. माशाचे चावे सगळे शेपटीला. बारीक बारीक, कात्रीनं कुरतडल्यासारखे.

साहेब: एक मिनिट. म्हणजे मासे येतात?

बाई: येतात तर! दर रविवारी येतात. तुम्ही कॉलरला टाचणी लावून बसता आणि तो ओढतो घेर.

साहेब: येतात... मला वाटलं होतं, त्यांनीसुद्धा माझ्याकडे येणं बंद केलं. हे तू आधी का नाही सांगितलंस?

बाई: सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?

साहेब: नसतं.

बाई: मग आणा ते इकडे. आधी ही शिशाची गोळी काढा. हा माझा इलॅस्टिकचा दोरा. गांडुळाच्या पोटाला मधोमध चार वेढे, वर गाठ. आता गळ त्या वेढ्यांखालून सरकवा. अंगाला भोकच पाडलं नाही, तर फाटेल कुठे?

साहेब: हे काय दिसतंय! वाळत घातलेला मोजा! चारचौघांत हे घेऊन मी उभा राहू?

बाई: पाण्यात गेल्यावर माशाशिवाय कोण बघतंय?

साहेब: आणि गळाचं टोक उघडंच राहिलं. शेवाळात अडकेल.

बाई: मग शेवाळात टाकू नका. इथे टाका, भिंतीच्या कडेला. इथलं पाणी स्वच्छ आहे.

साहेब: पायाशी? मी चाळीस मीटर फेकतो!

बाई: बघितलं ना. फार छान फेकता. पण सकाळपासून इथली बारकी पिल्लं सारखी उड्या मारून पळताहेत. मागे कुणी लागल्याशिवाय पळतात का ती?

साहेब: हं. मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे.

बाई: विचार नका करू, टाका. अस्सं. आता काही करायचं नाही.

साहेब: जरा हलवतो.

बाई: नाही. आपलं आपण बुडू दे त्याला.

साहेब: काही होत नाहीये.

बाई: आत्ता तर टाकलंत!

साहेब: काहीच होत... अगं, दोरी बाजूला चाललीय.

बाई: ओढू नका.

साहेब: चाललीय, चाललीय!

बाई: जाऊ दे हो! वीस वर्षं न सांगता वर्गात शिरलात, आज जरा दारात थांबा. थांबा... आता!

साहेब: लागला! केवढा जड आहे! जाळी दे, जाळी!

बाई: ती घरी राहिली. लागणार नाही म्हणालात तुम्हीच.

साहेब: मग मला पायऱ्या उतरायला हव्यात. धर, रॉड तू धर.

बाई: मी? मला नाही येत!

साहेब: धर म्हणतो ना! टोक वर ठेव.

बाई: अगं बाई... अहो, हा ओढतोय मला! हातात धडधडतंय सगळं!

साहेब: घाबरू नकोस. झेपत नसेल तर दे इकडे.

बाई: मुळीच देणार नाही! तुम्ही उतरा खाली!

साहेब: मागे सरक. हळू. आणखी. हं, मिळाला! बास जातीचा मासा आहे, चांगला हातभर. बघ तरी!

बाई: बघितला. आता लवकर सोडा त्याला पाण्यात. धाप लागलीय बिचाऱ्याला. आणि मलाही.

साहेब: गेला बघ. मागे वळूनही पाहिलं नाही.

चष्मेवाला: वा, साहेब! वरून बघितलं मी. अगदी शेवटच्या दिवशी! कशावर घेतलात?

साहेब: या, या चष्मेवाले. त्याचं असं आहे, गांडूळ मधोमध अडकवायचं. दीर्घ निरीक्षणातून सिद्ध झालेली पद्धत आहे ही.

बाई: हो का?

साहेब: निरीक्षण माझं नाही, अर्थात. हिचं. ओढलाही हिनंच. मी फक्त पायऱ्या उतरलो.

चष्मेवाला: वहिनींनी? पण त्या तर आज पहिल्यांदाच आल्यात ना?

साहेब: काठावर पहिल्यांदा. घरात बसून दोन वर्षं हेच करतेय.

चष्मेवाला: कमाल आहे! बरं, मग दोन्ही रॉड गाडीत टाकू ना?

साहेब: नको. क्षमा करा, विचार बदलला. माझे रविवार आता इथेच.

चष्मेवाला: उत्तम! मग एक तरी द्या. तुम्हाला एकट्याला दोन कशाला? वहिनी काही दर रविवारी यायच्या नाहीत. आमच्या सौ. पण जातात ना त्यांच्याकडे, दुपारच्या पत्त्यांना.

साहेब: तेही खरंच. हिला रविवार मोकळा हवाय. तो लहान रॉड न्या तुम्ही.

बाई: थांबा हो जरा.

साहेब: काय झालं?

बाई: पत्ते दुपारी असतात. सकाळी कुठे असतात?

साहेब: म्हणजे?

बाई: म्हणजे त्यांना मोठा द्या. लहान माझ्या हाताला बरा बसेल, तुम्ही जाळी धरा.