टिचकी मारायला फरशी

साहेब, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. ‘परदेशी कारागीर परत पाठवले, आता कामं तुमचीच’ ही पाटी तुमचीच ना? तिच्याखाली, रोजगार कचेरीच्या रांगेत, एक फरशीवाला आणि त्याचा मेहुणा खिदळत होते.

“दाजी, परदेशी गेले, मग तुम्ही रांगेत कसे?”

“अरे, ते बारा जण फरशी बसवायचे, मी मागून टिचकी मारत फिरायचो. पोकळ वाजली की उखडायला लावायचो. मुकादम होतो मी!”

“आले तेव्हा तर शिव्या घालत होतात.”

“घातल्याच! हातातली थापी गेली होती ना. मुकादम झालो आणि शिव्या विसरलो.”

“मग आता घ्या थापी.”

“बारा जणांचं काम एकटा करू? मालकाने इमारतच अर्धवट सोडली.”

“म्हणजे त्यांनी तुमचं काम नेलं, हे खरंच की!”

“खरंच. पण जाताना नेलं!”

“हळू हसा, दाजी, साहेब खिडकीतून बघतायत.”

“बघू देत. ही पाटी ऐक.” टक, टक. “पोकळ!”

अख्खी रांग खो-खो हसली. साहेब, तुम्ही मात्र खिडकी लावून घेतलीत. उघडा ती, आणि सांगा: दाजींनी आता टिचकी कुठल्या फरशीवर मारायची?