मानाचा नारळ कुणी फोडायचा?

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दोन थोर माणसं. एक कालचा, एक आजचा. त्यांत मोठा कोण, हे आपल्याला ठरवायचंच असतं. का हो? नाही ठरवलं तर आपलं काय अडतं? — मागच्या ओळीतले आजोबा हसले! हसून घ्या. थोड्या वेळाने हसू यायचं नाही.

आमच्या गावाला बास्केटबॉलचं वेड. देवीच्या उत्सवात मंडळाच्या मैदानावर, रिंगखाली मानाचा नारळ फुटायचा. मान गावातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचा. तीस वर्षं तो अंतूकाका सबनीसांकडे. अहो, मातीचं मैदान, पायात कॅनव्हासचे बूट, आणि काका अर्ध्या मैदानातून बॉल टाकायचे — थेट आत! तेव्हा लांबून टाकल्याचे तीन गुण नव्हते, दोनच. मग आला यशोधन काळोखे. चोवीस वर्षांचा, राज्याच्या संघातला. उडी मारली की मनगट रिंगच्या वर!

झालं! चहाच्या टपरीवर दोन तट पडले. "काकांच्या वेळी आजचे नियम असते तर?" "यशोधनला मातीत खेळवून बघा की!" भावाभावांत अबोला! शेवटी मंडळाच्या सेक्रेटरीने तोडगा काढला — दोघांनाच समोरासमोर खेळवा. आधी अकरा बास्केट करेल, त्याचा नारळ! असला शहाणा सेक्रेटरी कोण, विचारा ना! हा तुमच्यापुढे उभा आहे, तोच बुवा. काकांचं वय तेव्हा अडुसष्ट होतं.

सामन्याच्या सकाळी मालतीकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, यशोधनच्या दारात उभ्या.

"बाळा, डॉक्टरांनी ह्यांना हृदय जपायला सांगितलंय. हे कुणाला कळू देत नाहीत. ह्यांना पळवू नकोस रे! पण मुद्दाम हरूही नकोस. ह्यांना लगेच कळेल, आणि ते ह्यांना सोसायचं नाही."

सांगा मंडळी, त्या पोराने करावं तरी काय?

दुपारचे चार. ऊन मी म्हणतंय. यशोधन लांबूनच बॉल टाकतोय — काकांना धावायला लागू नये म्हणून. पण काका ऐकतात थोडेच! धावतायत, अडवतायत. आठ-आठ! नऊ-नऊ! काकांचा सदरा चिंब. ओठ काळेनिळे. डावा हात छातीवर. अंगावर काटा येतो हो आजही! तीनशे माणसं भोवती, आणि दिसलं फक्त काकूंना आणि यशोधनला. आम्ही? आम्ही ओरडत होतो — "अजून एक! अजून एक!"

यशोधनने बॉल धरला, आणि कोर्टाच्या मधोमध मांडी घालून बसला!

"पळपुटा! घाबरला!" कुणीतरी चप्पल फेकली. काका चवताळले. "ऊठ! मी अजून हरलेलो नाही!"

"काका, मला भीती वाटतेय. तुम्ही पडाल. मी नाही खेळणार."

काका वाकले. आवाज एवढासा झाला. "मलाही वाटतेय रे, सकाळपासून. पण ही सगळी बघतायत ना... थांबू कसा?"

आणि तिथेच कोसळले! यशोधनने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

दवाखान्यात नेलं. तासाभराने मी दोन सभासदांना घेऊन पोहोचलो. तब्येत विचारायला? नाही हो! सांगायला लाज वाटते — नारळ तसाच राहिला होता, म्हणून निकाल ठरवायला! काकू दारात. आत काका खाटेवर, यशोधन त्यांचे पाय चोळतोय. काकू म्हणाल्या, "सेक्रेटरी, दोघंही आत आहेत. यातला कुठला मेलेला चालेल तुम्हाला? सांगा."

मी आल्या पावली मागे फिरलो. काका मरणापेक्षा आम्हालाच जास्त भ्याले होते! काका वाचले, ती देवीची कृपा. आमची नव्हे.

आता माझं सोडा, तुमच्याकडे येऊ. "थोरलीच्या हाताला चव, धाकटीला कशाला जमतंय!" "तुझ्या दादाला याच इयत्तेत नव्वद टक्के होते!" — म्हणता ना, जेवायला बसल्यावर? अहो ताई, मान खाली का घातलीत? बोलून झाल्यावर त्या पोराच्या तोंडाकडे कधी बघितलंय? आज घरी जाऊन बघा. घास घशातच अडकलेला असतो. आणि तुम्हाला जाब विचारायला तुमच्या दारात कुणी काकू उभी नसते. जोडा हात! देवाकडे आज दुसरं काही मागू नका. माझ्या माणसांना माझी भीती न वाटो, एवढंच मागा.