समाधानचं जहाज

मांजरसुंब्याच्या फाट्यावर बीडच्या गाडीची वाट बघताना यशोधरेनं इतिहासाचं पुस्तक उघडलं खरं, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ! तिचे कान शेजारच्या बाकावरच्या पिकल्या केसांच्या बहीणभावाकडे लागले होते.

“जालिंदर, या वयात मोबाईलवर गेम खेळतूस व्हय?”

“खेळत न्हाई, आक्का. समाधान घर सोडून गेल्यापून फोन उचलीना. पण या गेमात त्यो समुद्री डाकूंचा कॅप्टन हाय. त्याच्या दोस्तानं मला खलाशी म्हणून त्याच्या जहाजावर घातलं.”

“बाप जहाजावर हाय, हे लेकराला ठावं हाय?”

“न्हाई, नाव दुसरंच लावलंय. तीन महिने त्याची शिडं वढतोय. खलाशांवर लई वरडतो, माझ्यावानीच.”

“मग बोलायचं की त्याच्याशी.”

“मी हात उचलला म्हणून तर गेला. कोणत्या तोंडानं बोलू? माईक बंद ठिवून आवाज तेवढा ऐकायचो.”

“मग आज कावून असा तोंड पाडून बसलास?”

“काल त्यो कुणाला तरी म्हणला, सकाळपून पोटात काय न्हाई. मला ऱ्हावलं न्हाई. माईक लावला आन् म्हणलो, जेवून घे बाळा.”

“मग?”

“मग हे इंग्रजीत आलं.” त्यानं फोन यशोधरेपुढं धरला. “पोरी, तू शाळंची दिसतीस. काय लिवलंय बघ बरं.”

यशोधरेनं आधी मनातल्या मनात वाचलं.

“काका, कॅप्टननं तुम्हाला जहाजावरून उतरवलंय. कायमचं.”

“बरं. मग परत चढायचं बटन कोणतं?”

“तसलं बटन न्हाई, काका.”

“नीट बघ, माय. खाली आसंल.”