लिनक्सची खंडेनवमी

अवो, आमच्या शेजारच्या दिगंबर भाऊजींची हुशारी तुम्ही अजून ऐकलीच न्हाय व्हय? बोअरची मोटर मोबाइलवर चालावी म्हणून त्यांनी चांगला चालता स्टार्टर भंगारात घातला आन् काडेपेटीएवढा कंप्युटर भिंतीवर ठोकला. वर मलाच ऐकवतात, "वहिनी, यात लिनक्स हाय, कंप्युटर चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, पण जगातली हुशार माणसं राबलीत त्याच्यावर." म्या म्हणलं, राबू द्या की, तुम्ही तेवढी टाकी भरा.

खंडेनवमी आली. आमच्या मुरूम गावात त्या दिवशी विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा. भाऊजींच्या बायकोनं, सुमननं, त्या कंप्युटरच्या डबीची वायर उपसली, पुसून हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजा आटोपून वायर जोडली, तर डबी ढिम्म! मोटर चालू होईना, टाकी तळाला गेलेली, आन् त्यांच्या लेकीचे सासू-सासरे जेवायला निघालेले.

भाऊजी ओरडले, "अगं, चालू असताना वायर काढत्यात व्हय? आतलं मेमरी कार्ड खराब होतंय. आधी त्याला सांगून बंद करावं लागतं!"

"सांगून?" सुमन म्हणाली. "मी तुम्हाला सांगून माहेरी जात न्हाय, आन् त्या डबीला सांगू?"

शेवटी म्याच माझ्या घरचं पाणी वाहून दिलं, तेव्हा कुठं भात शिजला. जेवून हात धुताना व्याही म्हणले, "मोटर मोबाइलवर चालते म्हणं तुमची?"

"बटण दाबलं की बसल्या जागी पाणी हजर!" भाऊजी छाती फुगवून बोलले.

आन् मी त्यांच्या मागं, कमरेवर हंडा घेऊन उभी!