आवाजाचे तुकडे

मी शेवंता, दिघोरीची. मायबाप धानाच्या वावरात मजुरी करत, मीबी रोवनं-कापनं करूनच जिंदगी काढली, नवरा लवकर गेला, एकच पोरगी, वैशाली. ती बिमार लोकायची सेवा करायचं शिकली आन भंडाऱ्याच्या एका एजंटानं तिले मस्कतले धाडलं, घरातली एक म्हातारी सांभाळाले.

काय सांगू तुम्हाले, तिचा फोन ये तो नेटवरून. मी इचारो, जेवलीस का बाई, तं घडीभर कोनीच नाही बोले, मंग आवाज ये, हो आई, मी बरी हाय. घडीभर काहून थांबते ही? मले वाटे, बाजूले कोनी बसून हिले सांगून रायलं. शाळेतल्या मास्तरले इचारलं. तो म्हने, मावशी, नेटवर आवाजाचे बारके तुकडे होतेत, जो तो आपल्या रस्त्यानं येते, इकडं पुन्हा जुळतेत, म्हनून उशीर होते. आन एखादा तुकडा लई मागं रायला तं? तं त्याले सोडून देतेत, म्हने. मी म्हनलं, मंग माह्या पोरीचं कोनतं बोलनं सुटलं, ते कोन सांगन मले? मास्तर हासला. मी नाही हासली.

तवापासून एकच गोष्ट तीनदा इचारो. तिन्ही डाव बरी हाय, एका सुरात. माही पोरगी एका सुरात बोलनारी नाही जी, भांडखोर हाय ती. म्हनून एक दिवस मी वावरातलं बोलली. म्हनलं, बाई, आपल्या बांधीत धान कसा हाय? आता आमच्याजवळ बांधी कायची, एक गुंठा जमीन नाही. तिले समजलं. म्हने, बांधी फुटली आई, समदा धान वाहून चालला.

दुसऱ्या दिवशी विहारातल्या आम्ही धा-बारा बाया एजंटाच्या दारात जाऊन बसलो. तो म्हने, तुमची पोरगी खुद बरी हाय म्हनते ना फोनवर. मी म्हनलं, तिचा पासपोर्ट कोनाजवळ हाय ते सांग. तं त्याचं तोंड उतरलं. पोलिसात लिहून देल्लं, कलेक्टरकडं अर्ज केला, पाठच नाही सोडली. दोन महिन्यानं आली पोरगी, वाळून काटा झाली होती. तिनं सांगतलं, घराबाहेर जाऊ नाही दे, आन हरेक फोनले मालकीन जवळ बसे. उशीर नेटचाच होता, मास्तर खोटा नोता. पन बाजूले कोनी होतं, हेबी खरंच निंगालं.

आता ती लाखांदूरच्या दवाखान्यात जाते, सांजच्या बसनं घरी येते. बसले उशीर झाला का मी फोन नाही लावत, उठून थांब्यावर जाऊन उभी रायतो. लोक हासतेत, हासू द्या. डोळ्यानं दिसली का मंग तिच्यासंग घरी येतो. तुमच्याबी लेकी दूर असतीन बाप्पा, त्यायचं मंगल होवो.