सावंतने मागितलेला गोल

आमच्या कॉलेजने फुटबॉलची एकच फायनल जिंकलीय. ती कशी, ते मला विचारा, गोलकीपर मी होतो. मॅचआधी आमचा कॅप्टन सावंत याने हातात नारळ धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या जाळ्यात बॉल जावक देव नको." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा."

हाफटाइमपर्यंत शून्य-शून्य. मी म्हटलं, "अरे, आपला गोल मागायचा राहिला." सावंतने पाण्याची बाटली धरून पुन्हा गाऱ्हाणं घातलं, "एक गोल होवंदे रे म्हाराजा."

शेवटच्या मिनिटाला त्यांच्याच बॅकने बॉल स्वतःच्या जाळ्यात घातला.

कप घेतल्यावर आमचा फॉरवर्ड तोंड पाडून म्हणाला, "माझ्या पायाने होऊ दे, असं मागायचं ना."

सावंत म्हणाला, "देवाकडे होण्यासारखंच मागावं रे."